चार लाख फ्रेम आणि एक डेस्कटॉप: सॅक्सच्या डेटाचं करायचं काय?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. पायथन, लिनक्स, दुर्बिणी या सगळ्यांवर इथे धागे आहेत, पण क्ष-किरण स्कॅटरिंगच्या डेटावर एकही सापडला नाही. म्हणून हा नवा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी पुण्यात पीएचडी करते. विषय पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्म. फिल्म ताणायची, तापवायची, आणि ते चालू असताना आत काय बदलतंय ते क्ष-किरणांनी बघायचं. युरोपातल्या एका सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) आम्हाला नऊ शिफ्ट मिळाल्या, म्हणजे तीन दिवस. मी आणि माझी ज्युनिअर, दोघीच. आळीपाळीने झोपलो, नाव त्यावरूनच घेतलंय. डिटेक्टर आयगर ४ एम. परत आलो तेव्हा बॅगेत हार्ड डिस्क होती आणि तिच्यात चार लाखांच्या आसपास फ्रेम, एकूण १.१ टीबी.

आता रडगाणं. लॅबमधल्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची, फ्रेम निवडायची, वर्तुळाकार सरासरी काढायची, सेव्ह करायची. मॅक्रो लावला तरी एका फ्रेमला दीड सेकंद जातो. चार लाखांना सात दिवस. तेही चाललं असतं, पण तीस हजारांच्या आसपास ते मान टाकतं. एका सीनिअरने सांगितलं की आधी सगळ्याचं टिफमध्ये रूपांतर कर. दोन रात्री स्क्रिप्ट लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी कोरी २ टीबीची डिस्क भरलेली, आणि फ्रेम झाल्या होत्या एक लाख दहा हजार.

प्रश्न दोन. १.१ टीबीचा डेटा उघडल्यावर इतका का फुगतो? आणि हे सगळं कशात करायचं? बजेट शून्य. लॅबमध्ये ३२ जीबी रॅमचा डेस्कटॉप आहे, त्यात गेम खेळायच्या जातीचं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. गेम कोणी खेळत नाही.

खडूची भुकटी | सोमवार, रात्री ११:४०

शीर्षक वाचून वाटलं सॅक्सोफोनच्या रेकॉर्डिंगचा धागा आहे. आत आलो तर फिल्म. तीही पॉलिप्रॉपिलिनची. 😀

चेष्टा सोडा, आमच्यासारख्या शाळामास्तरांना कळेल असं चार ओळींत सांगाल का?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:०५

सांगते की. पावसात छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा बघितलाय कधी? दिव्याभोवती ठिपक्यांची नक्षी दिसते. ती कापडाच्या विणीमुळे. वीण जितकी बारीक तितके ठिपके लांब लांब. म्हणजे दोरे न मोजताही ठिपक्यांच्या अंतरावरून वीण सांगता येते. आमची वीण नॅनोमीटरमधली, म्हणून दिव्याऐवजी क्ष-किरण. पॉलिप्रॉपिलिनमध्ये स्फटिकाचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये अस्ताव्यस्त साखळ्या असे एकाआड एक असतात. एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर साधारण १० ते २० नॅनोमीटर. क्ष-किरणाच्या तरंगलांबीपुढे हे अंतर फार मोठं, म्हणून किरण अगदी थोड्या कोनात वळतात. लहान कोनातलं स्कॅटरिंग ते सॅक्स, मोठ्या कोनातलं ते वॅक्स.

डिटेक्टरवर जे चित्र उमटतं ती एक फ्रेम. चित्रातल्या वर्तुळांवर सरासरी काढून एक वक्ररेषा मिळवायची. आडव्या अक्षावर क्यू, म्हणजे चार पाय (π) गुणिले साइन थीटा भागिले तरंगलांबी, आणि उभ्या अक्षावर तीव्रता. चित्राची रेषा करणं एवढंच माझं सध्याचं दुखणं आहे. पुढचं विज्ञान अजून लांब आहे.

खडूची भुकटी | मंगळवार, सकाळी ९:३०

छत्री कळली. यंदा पावसात वर्गाला दाखवतो. बाजूला बसून वाचतो आता.

तिरफळ | मंगळवार, दुपारी २:१८

मी मूळचा म्हापशाचा, सध्या युरोपात बीमलाइनच्या, म्हणजे सिंक्रोट्रॉनवरच्या प्रयोगाच्या जागेच्या, सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी फुगण्याचं. आयगर ४ एमची फ्रेम २०७० गुणिले २१६७, म्हणजे ४४,८५,६९० पिक्सेल. प्रत्येकाला ३२ बिट धरले तर एक फ्रेम १८ एमबी. चार लाख फ्रेम झाल्या ७ टीबीच्या वर. तुमच्या डिस्कवर ते १.१ टीबीत बसलंय कारण फाइल दाबून लिहिलेली आहे. फाइलचा साचा एचडीएफ५, आणि दाबायची पद्धत बहुधा बिटशफल अधिक एलझी४. युक्ती मजेदार आहे. बहुतेक पिक्सेलमध्ये ०, १, २ असलेच आकडे असतात, म्हणजे ३२ पैकी वरचे सगळे बिट शून्यच. बिटशफल आधी शेजारच्या पिक्सेलचे सारख्या जागेवरचे बिट एका रांगेत आणतो. शून्यांच्या लांबच लांब रांगा तयार होतात आणि एलझी४ त्या एका घासात गिळतो. ही पद्धत मुळात कॅनडातल्या चाइम नावाच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटासाठी लिहिली होती. आपल्या खोडदच्या जीएमआरटीच्या भावकीतली दुर्बीण. तिथून ती क्ष-किरणवाल्यांनी उचलली. टिफ करून तुम्ही गाठोडं सोडून कपडे घरभर पसरले. ते टिफ पुसून टाका. मूळ फाइल तशाच दाबलेल्या ठेवा आणि वाचतानाच उलगडा. पायथनमध्ये एच५पायच्या जोडीला एचडीएफ५प्लगइन घ्या, नाहीतर एच५पाय फ्रेम वाचायला नकार देईल.

आता सरासरीचं. पायफाय वापरा. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉनमध्ये तयार झालेली पायथनची लायब्ररी आहे, फुकट आणि मुक्त-स्रोत. तिचा वेग कुठून येतो ते मात्र समजून घ्या, नाहीतर तिलाही दीड सेकंदावर आणून बसवाल.

गावच्या दूध संकलन केंद्राची कल्पना करा. साधी पद्धत अशी की प्रत्येक शेतकरी, म्हणजे पिक्सेल, आपली कासंडी घेऊन धावत येतो आणि आपल्या कॅनमध्ये, म्हणजे क्यूच्या खान्यात, दूध ओततो. एकच माणूस ओतणारा असेल तर हळू पण ठीक. ग्राफिक्स कार्डावर हजारो जण एकदम ओततात. एकाच कॅनवर दहा जण झुंबड करतात, सांडतं, किंवा रांग लावावी लागते आणि कार्डाचा काही उपयोग राहत नाही. पायफाय हा प्रवास उलटा करतं. कोणत्या कॅनमध्ये कोणाचं किती दूध येणार याची यादी आधीच एकदा बनवायची. मग प्रत्येक कॅनवाला आपली यादी घेऊन घरोघर फिरतो. दोन कॅनवाल्यांची टक्कर होतच नाही. डिटेक्टर आणि नमुना हलला नाही तर चार लाख फ्रेमना यादी तीच. गणिताच्या भाषेत हे विरळ मॅट्रिक्स गुणिले फ्रेम. मॅट्रिक्स सीएसआर पद्धतीने ठेवतात. कंपन्यांच्या निधीचा इथे संबंध नाही.

तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरचं मला न बघताही वाटतं की ते प्रत्येक फ्रेमला यादी नव्याने बनवत असावं. पायफायमध्येही लोक इंटिग्रेटर, म्हणजे ती यादी सांभाळणारा भाग, लूपच्या आत तयार करतात आणि मग लायब्ररी हळू आहे म्हणून ओरडतात. लूपच्या बाहेर, एकदाच.

हिशोब करा. १.१ टीबी साध्या यूएसबी डिस्कवरून सेकंदाला १२० एमबीने वाचायला अडीच तास. तेवढा वेळ डिस्क फिरणारच, त्याला इलाज नाही. बाकी सगळं त्या अडीच तासांच्या सावलीत उरकायला हवं. सात दिवस कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आणि आत्ता उठून एक गोष्ट बघा. आयगर एक मास्टर फाइल लिहितो आणि तिच्याबरोबर डेटाच्या बऱ्याच फाइल. मास्टरमध्ये फ्रेम नसतात, फक्त दुवे आणि नोंदी असतात. काही एमबीची मास्टर तेवढी घेऊन विमानात बसलेले लोक मी पाहिलेत. डेटा फाइलचं नाव बदललं तरी दुवा तुटतो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:५१

शेवटचा परिच्छेद वाचून पोटात गोळा आला, जेवण सोडून लॅबमध्ये पळाले. आहेत, सगळ्या आहेत. ज्युनिअरने दोन फोल्डरची नावं मराठीत टाकली होती ("ताण_शेवटचा_खरंच_शेवटचा"), पण फाइलना हात लावलेला नाही.

दूधवाला प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावलाय.

जुनी पाटी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तिरफळ, दंडवत. आमच्या काळी फोटोग्राफिक फिल्मवर रात्रभर एक्स्पोजर द्यायचं. सकाळी डार्करूममध्ये धुवायची, मग डेन्सिटोमीटरखाली रेघ मारत काळेपणा मोजायचा. एका फोटोवर आठवडा. पुढे इमेज प्लेट आली आणि फिट२डी हे सॉफ्टवेअर आलं. तेही ईएसआरएफमधलंच, हॅमर्सलींचं, फोरट्रानमध्ये. काळी खिडकी, बटणांवर मोठी मोठी अक्षरं. कित्येक वर्षं जगभर लोक तेच वापरत होते. मी अजूनही एखादी फ्रेम त्यात उघडून बघतो, सवय.

पण रात्रपाळीताई, एक विचारू का? या चार लाखांपैकी किती फ्रेम तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिल्या?

गुंडाळी | मंगळवार, रात्री ९:१५

मी पॅकेजिंग फिल्म बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, त्यामुळे पॉलिप्रॉपिलिन शब्द दिसला की थांबतो.

ताई, माफ करा, पण फिल्म ताणलेली आणि तुम्ही अख्ख्या वर्तुळाची सरासरी काढताय? ताणल्यावर थर ताणाच्या दिशेने रचले जातात. चित्रात गोल कडी उरत नाही, दोन बाजूंना दोन डाग येतात. वर्तुळभर सरासरी काढली की नेमकी दिशेची माहिती गेली. म्हणजे ज्यासाठी युरोप गाठलं तेच पुसलं. आमच्याकडे मशिनच्या दिशेला फिल्म एक वागते आणि आडव्या दिशेला दुसरीच, म्हणून हे लगेच टोचतं.

केक करा. म्हणजे चित्र उलगडून एका अक्षावर क्यू आणि दुसऱ्यावर कोन. पायफायमध्ये ती सोय आहेच. त्यातून ताणाच्या दिशेची फोड आणि आडवी फोड वेगळ्या काढा. एका ठरावीक क्यूवर तीव्रता कोनानुसार कशी बदलते त्यावरून हर्मन्सचा ओरिएंटेशन फॅक्टर, म्हणजे रचना किती एका दिशेला वळलीय त्याचा आकडा, काढता येतो. तुमच्या परीक्षकांपैकी कोणी पॉलिमरवाला असला तर पहिला प्रश्न हाच विचारेल.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:४४

बरोबर आहे. केक डोक्यात होता, पण एकमितीयच होत नव्हतं म्हणून पुढे ढकलला होता. ही बहुधा सबब आहे.

जुनी पाटी सर, खरं सांगू? दोनशे-तीनशे.

सर्व्हरखाली | बुधवार, सकाळी १०:०२

क्ष-किरणांतलं शून्य कळतं, पण मोठ्या मशिनवर दुसऱ्यांचे जॉब अडकले की फोन मला येतो. म्हणून दोन सूचना.

एक, निकाल चार लाख वेगवेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहू नका. प्रत्येक फाइल दहा-वीस केबीची, पण फाइल सिस्टमचा जीव संख्येने जातो, आकाराने नाही. एका फोल्डरमध्ये चार लाख फाइल टाकून नुसती यादी मागितली तरी चहा पिऊन येता येतं. एकाच एचडीएफ५ फाइलमध्ये चार लाख ओळींचा तक्ता ठेवा. हजार बिंदू, ३२ बिट, म्हणजे सगळं मिळून १.६ जीबी. रॅममध्ये आरामात मावेल.

दोन, सुपरकॉम्प्युटरच्या मागे आत्ताच लागू नका. पुण्यात आयसरला परम ब्रह्म आहे, राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधलं, आणि विद्यार्थी माझ्याकडे "तिथे जॉब कसा लावू" म्हणून येतात. पण तिरफळ म्हणाले तसं तुमचं काम डिस्कपाशी अडलंय. १.१ टीबी नेटवर्कवरून तिथे चढवेपर्यंत तुमच्या टेबलावरच ते संपेल. यूएसबीवरून आधी डेस्कटॉपच्या आतल्या एसएसडीवर टप्प्याटप्प्याने उतरवा. एक टप्पा उतरतोय तोवर आधीच्या टप्प्याची सरासरी चालू द्या.

आडव्या रेघा | बुधवार, दुपारी १२:३०

सगळे पायथन पायथन करतायत. ज्यांना कोड येत नाही त्यांनी काय करायचं? इंग्लंडातल्या डायमंड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनचं डॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रक्रियेच्या पायऱ्या एकाखाली एक लावायच्या: मास्क (वगळायच्या पिक्सेलचा नकाशा), पार्श्वभूमी (नमुन्याशिवायची फ्रेम), पारगम्यता (नमुन्यातून किती किरण आरपार जातात), सरासरी. मग अख्ख्या फाइलवर चालवायचं. माउसने होतं. फुकट आहे. आमच्या गटात अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेच्या नीका आणि इरेना या प्रणाली वापरतात. उत्तम आहेत, पण त्या इगॉर प्रोवर चालतात आणि इगॉरचा परवाना विकत घ्यावा लागतो.

आणि एक गोंधळ नेहमीचा. चित्राची रेषा करणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि रेषेचा अर्थ लावणारं वेगळं. ॲटसॅस, सॅसव्ह्यू ही दुसऱ्या जातीची. ॲटसॅस मुख्यतः प्रथिनांसाठी, हॅम्बुर्गच्या ईएमबीएलमधलं. सॅसव्ह्यूमध्ये गोल, दंडगोल, थर अशी मॉडेलं बसवता येतात. ताईंचा प्रश्न पहिल्या जातीचा आहे. कोणीतरी लवकरच "सॅसव्ह्यू वापरा" म्हणेल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तिरफळ | बुधवार, दुपारी १:०५

डॉन छानच, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण माउसने केलेलं काम सहा महिन्यांनी आठवत नाही. डॉनमध्ये निदान पायऱ्यांची साखळी सेव्ह करता येते, ती करा. स्क्रिप्ट असेल तर तीच नोंद. परीक्षकाने "मास्क कोणता लावला होता" विचारलं की स्क्रिप्ट उघडून दाखवायची.

आडव्या रेघा | बुधवार, दुपारी १:२०

स्क्रिप्टमध्येही लोक "फायनल२_नवीन" लिहून ठेवतातच की. शिस्त माणसाला असते, कोडला नसते.

सर्व्हरखाली | बुधवार, दुपारी १:२६

गिट (फाइलच्या आवृत्त्या जपणारं) वापरा हो, दोघेही. पुढे चला.

रात्रपाळी | शनिवार, पहाटे ४:३१

झालं!! तीन तास चाळीस मिनिटं, चार लाख फ्रेम. एसएसडीवर उतरवत, सर्व्हरखाली यांनी सांगितलं तसं. इंटिग्रेटर लूपच्या बाहेर. ओपनसीएलवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घेताना, कार्ड पहिल्यांदाच गरम झालं. कॅलिब्रेशन सिल्व्हर बेहेनेटचं होतं (त्याच्या थरांचं अंतर आधीच माहीत असतं), ५८.३८ अँगस्ट्रॉमच्या कड्या छान बसल्या. पार्श्वभूमी वजा करणं, पारगम्यतेने भागणं, सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये.

आणि निकाल बघून झोप उडालीय. फिल्म हळू ताणली तर मधल्या क्यूवर तीव्रता जवळजवळ शून्यावर उतरते. तीच फिल्म वेगाने ताणली तर तिथे शंभरेक काउंटची पातळी उरते, आणि ताण वाढत जाईल तशी हळूहळू खाली येते. त्या पातळीवर एक छोटा उंचवटा पण आहे. वेगाने ताणल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या होत असतील का? गाइडना रात्रीच मेल केलाय. लेखासाठी आकृती तिसरी तयार आहे.

गुंडाळी | शनिवार, सकाळी ८:५०

अभिनंदन! वेगाने ताणल्यावर पोकळ्या होतात हे खरं आहे, फिल्म पांढरी पडते ती त्यानेच. पण पोकळ्या ताणाबरोबर वाढायला हव्यात ना? तुमची पातळी तर उतरतेय.

तिरफळ | शनिवार, दुपारी १२:१०

उंचवटा नेमका कुठल्या क्यूवर आहे? आणि तापमान बदललं, ताण बदलला, फिल्म बदलली तर तो जागा बदलतो का?

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १२:४८

नाही. सगळ्या वेगवान रनमध्ये तिथेच.

तिरफळ | शनिवार, दुपारी १२:५५

मग मला तो फिल्ममधला वाटत नाही. पदार्थातली गोष्ट असती तर ६० अंशांना आणि १२० अंशांना केसभर तरी हलली असती. जी गोष्ट काहीही बदललं तरी त्याच क्यूवर ठाण मांडून बसते, ती डिटेक्टरच्या भूमितीतली असते. डिटेक्टर ज्या तुकड्यांचा जोडलेला असतो त्या मॉड्यूलच्या मधल्या पट्ट्या बघा. ४ एममध्ये आठ मॉड्यूल, दोन रुंदीत आणि चार उंचीत. मध्ये आडव्या तीन पट्ट्या ३७ पिक्सेलच्या आणि उभी एक १० पिक्सेलची. जे वर्तुळ आडव्या पट्टीला नेमकं चाटून जातं त्यात पट्टीचे पिक्सेल सगळ्यात जास्त येतात. उंचवटा त्याच त्रिज्येवर आहे का, मोजा.

जुनी पाटी | शनिवार, दुपारी ३:२०

आणि वजाबाकीच्या आधीची एक रेषा काढून बघा. वजाबाकी झाल्यावरच्या रेषा मी कधीच पहिल्यांदा बघत नाही. वजाबाकी चूक लपवते.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५५

सापडलं. हसू की रडू कळत नाही.

पट्ट्यांमधल्या पिक्सेलना मोजणी नसते. तिथे डिटेक्टर त्या बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा लिहितो, म्हणजे ३२ बिटमध्ये ४,२९,४९,६७,२९५. मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की हा आकडा दिसला की तो पिक्सेल सोडून दे. हळू रन ३२ बिटमध्ये होते, तिथे सगळं बरोबर. वेगवान रनसाठी आम्ही फ्रेम-रेट वाढवला होता. तेव्हा डिटेक्टर १६ बिटमध्ये लिहितो, आणि १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. माझ्या स्क्रिप्टने तो निमूटपणे मोजणी म्हणून घेतला. मी पहाटे दोनला बीमलाइनवर बसून स्वतः तो फ्रेम-रेट टाइप केला होता. बिट बदलतील हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पट्ट्या डिटेक्टरच्या साडेपाच टक्के भागावर आहेत. म्हणजे सरासरीत सुमारे ३,६५० काउंट नुसते पट्ट्यांचे. सर म्हणाले तसं वजाबाकीच्या आधीची रेषा काढली, तर ती छपराएवढी उंच आणि सपाट. इतकी भयंकर की पहिल्याच नजरेत कळलं असतं. पण पार्श्वभूमीच्या फ्रेमही वेगवान, १६ बिटच, त्यांच्यातही तेच ३,६५०. वजा केलं की जवळजवळ उडालं. जवळजवळच, कारण नमुन्याला आधी पारगम्यतेने भागलं होतं. फिल्मची पारगम्यता ०.९७. ३,६५० भागिले ०.९७ वजा ३,६५०, उरले शंभरेक. तीच माझी "पातळी". फिल्म ताणली की पातळ होते, पारगम्यता १ कडे सरकते आणि उरलेले काउंटही कमी होतात. गुंडाळी यांच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे, पोकळ्या कुठेच नाहीत. उंचवटा नेमका आडव्या पट्टीला चाटणाऱ्या वर्तुळावर आहे, फूटपट्टी धरून मोजला.

गाइडना दुसरा मेल केला. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं: "बरं."

सर्व्हरखाली | रविवार, सकाळी ९:१०

आई गं. हे वाचून आमच्याकडचे किती आकडे असे "जवळजवळ" असतील असं वाटून गेलं.

तिरफळ | रविवार, सकाळी ११:३०

लाजू नका, या खड्ड्यात पडलेल्या तुम्ही पहिल्या नाही. आकड्यावर विसंबू नका, मास्क लावा. मास्टर फाइलमध्येच पिक्सेल मास्क असतो, पट्ट्या आणि मेलेले पिक्सेल दोन्ही त्यात येतात. बिट कितीही असोत, मास्क तोच. त्यावर बीमस्टॉपची (थेट किरण अडवणारा तुकडा) सावली हाताने जोडा. मास्क फाइल निकालाच्या एचडीएफ५मध्येच कोंबून ठेवा, पोनी फाइल (पायफायची कॅलिब्रेशनची नोंद) आणि स्क्रिप्टची आवृत्तीही तिथेच. सहा महिन्यांनी तुम्हीच मला दुवा द्याल.

आता त्रुटीपट्ट्यांचं, म्हणजे एरर बारचं. तुम्ही पिक्सेल वाटून देणारी पद्धत चालू ठेवली असेल, म्हणजे दोन खान्यांच्या सीमेवरचा पिक्सेल थोडा इकडे थोडा तिकडे. त्याने बीमस्टॉपजवळची रेषा गुळगुळीत दिसते, जिथे खान्यांपेक्षा पिक्सेलच मोठे असतात. पण एकाच पिक्सेलचे काउंट शेजारच्या दोन खान्यांत गेले की ते खाने एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. मग त्रुटींचा हिशोब बिघडतो आणि फिटिंगमध्ये काय-वर्ग (χ², मॉडेल किती जुळलं त्याचं माप) फसवतो. मॉडेल बसवायचं असेल तर वाटणी बंद करून एकदा चालवा. रेषा जरा खडबडीत दिसेल, दिसू दे. खडबडीत रेषेला परीक्षक नापास करत नाहीत.

आडव्या रेघा | रविवार, दुपारी १२:०४

या शेवटच्या मुद्द्यावर स्वतंत्र धागा निघू शकतो. माझं मत थोडं वेगळं आहे, पण इथे नको.

कच्चा डेटा अजून सिंक्रोट्रॉनकडेही असेलच ना? ईएसआरएफच्या धोरणात कच्चा डेटा दहा वर्षं ठेवतात, आणि तीन वर्षं तो फक्त ज्यांनी प्रयोग केला त्यांचाच असतो. तुमच्या ठिकाणचं धोरण काय आहे ते बघून ठेवा. बॅगेतली एक हार्ड डिस्क म्हणजे काही बॅकअप नव्हे.

खडूची भुकटी | रविवार, दुपारी ४:४०

मला धाग्यातलं निम्मं कळलं, पण ती वजाबाकी पूर्ण कळली. उद्या सातवीला देतो. "३,६५० भागिले ०.९७ वजा ३,६५०." एखादं पोरगं नक्की विचारेल की हे ३,६५० आले कुठून. तेवढं विचारलं तरी पुरे.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:२०

खडूची भुकटी सर, विचारलं तर त्या पोराला माझ्या लॅबमध्ये पाठवा, जागा आहे.

आज सगळं परत लावतेय. पिक्सेल मास्क मास्टर फाइलमधून, वाटणी बंद आणि चालू असे दोन्ही निकाल, आणि या वेळी थेट केक, गुंडाळींच्या दोन फोडींसकट. दर पाच हजार फ्रेमनंतर एक कच्चं चित्र आपोआप सेव्ह होईल असंही केलंय. एकूण ऐंशी चित्रं होतील, जुनी पाटी सरांसाठी.

आत्ता मात्र थांबलेय. पार्श्वभूमीच्या दोन फाइल ३२ बिटच्या निघाल्या आणि त्यांचे रन १६ बिटचे. त्यांची एक्स्पोजरची वेळही वेगळी असणार. लॉगबुकचा फोटो ज्युनिअरच्या फोनमध्ये आहे आणि ती कोल्हापूरला घरी गेलीय. तिचा फोन लागला की सुरू करते.